काळ्या मातीतला बेल्जियन दगड

एकनाथ बनकर यांचा मृत्यू मे महिन्यात, एका सोमवारी सकाळी, शहराच्या कडेला असलेल्या जुन्या लष्करी दफनभूमीत झाला. थडग्याचा उभा दगड त्यांच्या अंगावर पडला. बांधकाम खात्यातून ओव्हरसिअर म्हणून निवृत्त झाल्यावर ते पत्नी सुमनबाईंसह उस्मानपुऱ्यात राहत. मूळचे ते पिशोरचे. आमची ओळख तिथल्या शाळेपासूनची.

तो दगड बेल्जियमच्या एका तरुणाचा होता. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश विमानदलात असताना तो इथल्या लष्करी इस्पितळात तापानं वारला. आसपासचे ब्रिटिश दगड पांढुरके, एका उंचीचे, वरून किंचित गोलाकार. त्यांच्या रांगेखाली जमिनीत काँक्रीटची पट्टी आहे. हा एकटाच निळसर करडा, खांदे काढलेला, माथ्यावर बेल्जियन झेंड्याचा काळा-पिवळा-तांबडा गोल आणि खाली नावाची कांस्य पट्टी. त्याच्या देशाच्या पद्धतीनं घडवून आणलेला हा दगड रांगेपासून दूर, स्वतःच्या छोट्या चौथऱ्यावर उभा होता. चौथऱ्याखाली काळी माती.

काही वर्षांपूर्वी त्या तरुणाची वयस्क पुतणी इथं आली. देखभाल बघणाऱ्या परदेशी कार्यालयानं तिच्या सोबतीला, तिथली किरकोळ कामं पाहणाऱ्या एकनाथरावांना दिलं. तिनं दगडाच्या पायाशी पांढऱ्या गुलाबाचं रोप लावलं आणि सांगितलं, की शेवटच्या तापात काका पाणी मागत होता, एवढंच घरी कळलं होतं. त्यानंतर एकनाथराव रोज सकाळी झारी घेऊन जाऊ लागले. कांस्य पट्टीला चिंच किंवा राख लावायची नाही, दगडाला चुना नाही, फक्त मऊ ब्रश आणि साधं पाणी, या कार्यालयाच्या सूचना ते काटेकोर पाळत. गुलाबाला पाणी किती घालायचं, याची सूचना नव्हती.

"घरच्या तुळशीला पाणी घाला म्हनलं की यांची कंबर दुखती," सुमनबाई एकदा माझ्यासमोर म्हणाल्या, "अन् परदेशच्या पाव्हन्याला रोज झारी!"

"तुळशीला तू हायेस," एकनाथराव म्हणाले. "त्याला कोन हाय इथं?"

गेल्या हिवाळ्यात दगड पुढं झुकल्याचं त्यांनीच पहिल्यांदा पाहिलं. माथ्यावरून ओळंबा सोडला, तर दोरी आणि दगडाचा तळ यांच्यात बोट जात होतं. होळीनंतर मूठ जाऊ लागली. मागची माती उन्हानं भेगाळून टणक झाली होती. पुढची, रोपाजवळची, मऊ होती. काळ्या रानात वाढलेल्या माणसाला याचा अर्थ सांगावा लागत नाही. तरी मी विचारलं.

"पाण्यानंच खचतंय, व्हय," ते म्हणाले. "पन पानी मागत मेलेला गडी हाय तो. आपल्या गावात मेला... आता तिथंच पानी तोडू का?"

कार्यालयाच्या तपासनीसानं नवा पाया होईपर्यंत दगड आडवा ठेवायला सांगितलं. एकनाथरावांनी मुदत मागून घेतली. पुतणी दिवाळीनंतर पुन्हा येणार होती, बहुधा शेवटची. आडवा दगड वर्षानुवर्षं आडवाच राहतो, हे त्यांनी सरकारी नोकरीत पाहिलं होतं. त्यांनी समोरून दोन लाकडी बल्ल्यांचा टेकू लावला. रोप बल्ल्यांच्या मधोमध होतं.

एप्रिलअखेरीस मी तिथं गेलो, ती आमची शेवटची भेट. एक बल्ली मातीत रुतली होती. दगड आणखी झुकल्यामुळं कांस्य पट्टीवरचं नाव सावलीत गेलं होतं. "समोर उभं ऱ्हाऊ नका," ते मला म्हणाले, आणि स्वतः समोर बसून रोपाला पाणी घालू लागले.

पंचनाम्यानुसार त्या सोमवारी रुतलेली बल्ली निसटली. झारी दगडाखाली दबली होती. दगडाचा वरचा एक खांदा तुटला. नावाची पट्टी शाबूत राहिली.

पुतणीच्या विनंतीवरून कार्यालयानं दगड पुन्हा उभा केला आहे. पायाचं काम व्हायचं आहे. तोवर चार बल्ल्या आणि भोवती दोरी. आत जायला मनाई. गेल्या आठवड्यात मी गेलो, तेव्हा दोरीच्या आत रोपाखालची माती ओली होती. परतताना उस्मानपुऱ्यात थांबून सुमनबाईंना विचारलं.

"व्हय, मीच घालते," त्या म्हणाल्या. दाराशी नवी झारी होती.