फुंकायची नळी

"तू फुंकू नको," सर म्हणाले. "हिचं बघ अन् लिही."

काचेची नळी माझ्या ओठांपर्यंत आली होती. टेबलावर आम्ही चार मुली. पहिलीनं फुंकलं, नळी परकराला पुसली, दुसरीला दिली. दुसरीनं तिसरीला. माझ्यापाशी आली आणि प्रयोग थांबला.

"का, सर?"

"नळी धुवावी लागंल. पाणी कुठंय? दुष्काळ हाय, दिसत न्हाय का?"

दुष्काळ मला दाखवत होते. माझी आई तेव्हा दुष्काळी कामावर खडी फोडत होती. येरमाळ्याजवळच्या आमच्या वस्तीवर पाणी मिळालं तर मिळालं. पाणी नव्हतं हे खरंच. पण तिघींच्या तोंडानंतर नळीला पाणी लागलं नव्हतं. आम्ही बौद्ध झालो होतो, तरी गाव आणि शाळा आम्हाला जुन्याच नावानं ओळखायची.

प्रयोग यीस्टचा होता. सरांनी ते बेकरीतून पुडीत बांधून आणलेलं. गुळाचं पाणी उकळून गार केलं, त्यात यीस्ट टाकलं, हवा लागू नये म्हणून वर करडीचं तेल सोडलं. बुचातली नळी चुन्याच्या निवळीत. बुडबुडे आले आणि निवळी दुधासारखी पांढरी झाली. आपणही श्वासातून तोच वायू सोडतो, ते आता दुसऱ्या निवळीत फुंकून बघायचं होतं. यीस्टचा श्वास सरांना चालला. माझा चालला नाही.

प्रयोगाचे मार्क सरांच्या हातात. मॅट्रिकचं वर्ष. नापास झाले तर माझ्याही हातात हातोडा. मी शेजारणीचं बघून लिहिलं.

घरी आईला सांगितलं. ती रागावली नाही, तेच जास्त लागलं. "एरंडाचा देठ ने की," ती म्हणाली. "पोकळ असतोय. आपली नळी आपल्यापाशी. त्यांच्याशी भांडून कुठं राहायचं हाय आपल्याला?"

मला ते पटलं. पुढच्या तासाला फुंकायचा प्रयोग पुन्हा होता, मी देठ नेला. सरांनी तो हातात घेतला नाही, पण वर्गाला लांबून दाखवला. "बघा, किती शाणी हाय. हिची सोय हिनंच केली. परीक्षेलाबी देठ आणायचा बरं का."

कुणी हसलं नाही. कौतुकानं बघत होते. गावातल्या हॉटेलाबाहेर कोनाड्यात आमच्यासाठी वेगळी कपबशी असायची. माझा बाप चहा पिऊन ती स्वतः धुवायचा आणि परत ठेवायचा. घरातले देव त्यानं कधीच बाहेर काढले होते, पण ती बशी सुटली नव्हती. मला त्याची लाज वाटायची. आणि आज माझी कपबशी मी घरून घेऊन आले होते. वर शाबासकी.

मी देठ मोडला. शेजारणीच्या हातातली काचेची नळी घेतली, निवळीत बुडवली आणि छातीत होतं तेवढं सगळं फुंकलं. निवळी पांढरी झाली. तिघींची झाली होती तशीच.

सरांनी नळी चिमट्यानं उचलली आणि खिडकीबाहेर टाकली. तिघी दुसऱ्या टेबलावर गेल्या. माझ्या प्रयोगाला शून्य मिळालं. तक्रार करणार कुणाकडं? हेडमास्तर सरांचे पाहुणे. घरी जाताना एस.टी.त मी तोंड दाबून रडले. त्या साली नापास झाले आणि सगळा उन्हाळा आईशेजारी बसून खडी फोडली.

आई एकदाच म्हणाली, "देठ धरला असतास, तर पास झाली असतीस."

खरं आहे. झाले असते.

हवा तोडली तरी यीस्ट जगतं, हे मी परीक्षेत लिहिलं आहे. माणसानं तसं जगावं, असं कुठल्या पुस्तकात मला सापडलं नाही.

पुढच्या साली त्याच वर्गात जाऊन बसले. तोच प्रयोग आला. सरांनी माझ्या हातांकडं पाहिलं.

"देठ कुठंय?"

"आणला न्हाय," मी म्हणाले. "आणणार न्हाय. नळी शाळेची हाय. द्या."