गिलावा नसलेलं घर

समोरच्या शोभावहिनींना एक सवय होती. घरातली कुठलीही वस्तू इकडची तिकडे केली की त्या दारात येऊन हाक मारायच्या, "वहिनी, या बरं जी जरा. कसं दिसते ते पाहा." माझी कणीक परातीत तशीच राहायची. हात धुऊन मी जायची, पाहायची आणि म्हणायची, "ठीक आहे." घरी येऊन पोळ्या लाटताना त्यातल्या निम्म्या करपायच्या.

आधीच सांगून टाकते, मी या बाईवर आयुष्यभर जळले. त्यांच्या साड्यांवर नाही, दागिन्यांवर नाही, ते त्यांच्याकडे नव्हतेच. मी जळले त्यांच्या बैठकीच्या खोलीवर.

पांढरकवड्यात आमच्या गल्लीत चांगलं सजवलेलं घर म्हणजे आमचं, हे ठरलेलं होतं. आमचे हे तहसील कचेरीत. भिंतींना गुलाबी ऑइलपेंट, काचेचं शोकेस, त्यात बाहुल्या, मखमलीचा सोफा, त्यावर मी स्वतः विणलेले क्रोशाचे रुमाल. शोभावहिनींचे यजमान गजाननराव जीनमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, फिटर होते. कापसाचे वाईट दिवस आले, तालुक्यातले जीन एकेक करून थंड पडले, त्यात त्यांचाही पडला. मालकाने यंत्रं भंगारात काढली आणि गजाननरावांना म्हणाला, ट्रक येण्याआधी काय हवं ते घेऊन जा.

बैलबंडी भरून लोखंड दारात उतरलं तेव्हा मी खिडकीतून पाहत होते. मनात म्हटलं, आता काय घरात बसून खिळे खाणार?

दोन महिन्यांनी हाक आली. जाऊन पाहते तर आतल्या भिंती विटांच्याच, पण तारेच्या ब्रशने घासून वर जवसाचं तेल दिलेलं. पट्टा फिरवायची मोठी पुली आडवी ठेवून तिच्यावर काच, ते झालं टेबल. जीनच्या फलाटाच्या सागवानी फळ्या, खाली लोखंडी चॅनलचे पाय, ते बाक. छताचा गर्डर काळा घोटून तसाच उघडा, त्याच्यावरून पाइप, पाइपाला जीनमधली टिनाची शेड आणि पिवळा दिवा. पडदे बारदानाचे, लाल दोऱ्याने काठ घातलेले.

"गर्डर तरी झाकायचा," मी म्हटलं.

"कायले? तो का चोरीचा आहे?" त्या म्हणाल्या. "ज्यानं घर धरून ठेवलं, त्याले लपवाचं कायले जी?" मग हळूच म्हणाल्या, "तुम्हालेच सांगतो वहिनी, कोणाले बोलू नोका. आतून गिलावा कराचा होता, पण त्यातच जीन बंद पडला. मंग म्हटलं, राहिलंच आहे तर राहिल्यासारखं दिसू नये."

मला ते ऐकून बरं वाटलं. म्हणजे नाइलाजच होता तर. पण ते बरं वाटणं फार दिवस टिकलं नाही, कारण संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बँकेच्या साहेबांची बायको आली. नागपूरची बाई. माझ्याकडे वाण घेऊन पाच मिनिटांत उठली आणि समोर तासभर बसली. जाताना गल्लीतल्या बायकांना म्हणाली, "याला इंडस्ट्रियल लूक म्हणतात. पुण्या-मुंबईचे लोक मुद्दाम करून घेतात." माझ्या शोकेसकडे तिने ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

पुढे तर आमचे हे संध्याकाळचा पेपर घेऊन तिकडे जाऊ लागले. "त्या दिव्याखाली अक्षर चांगलं दिसतं," म्हणे. पंचवीस वर्षं माझ्या ट्यूबलाइटखाली काय दिसत होतं यांना?

शेवटी मीही भंगारवाल्याकडून एक पुली आणवली. सोफ्यापुढे ठेवली. उघडं लोखंड काही डोळ्यांना सोसेना, म्हणून तिच्यावर क्रोशाचा मोठा रुमाल घातला आणि वर प्लास्टिकची फुलं. शोभावहिनींना मुद्दाम बोलावलं. त्या पाहत राहिल्या. हसल्या नाहीत, हे त्यांचं मोठेपण. "वहिनी, तो रुमाल काढा ना जी," म्हणाल्या, "दिसू द्या बिचारीले." त्या गेल्यावर मी पुली मागच्या अंगणात ढकलली. तिच्यावर कपडे धुवायला लागले.

त्यांची वैशाली डीएड झाली होती. दिग्रसकडचं स्थळ आलं. मुलगा शिक्षक, माणसं समजूतदार, शोभावहिनींनी फार आस धरली होती त्या स्थळाची. मुलाचे वडील आणि मामा मुलगी पाहायला आले ते रीतीप्रमाणे आधी शेजारी चौकशीला, म्हणजे आमच्याकडे. मी चहा केला.

"माणसं कशी आहेत?" मामांनी विचारलं.

"माणसं चांगली आहेत हो," मी म्हटलं. "जरा ओढग्रस्त आहे, एवढंच. जीन बंद पडला, त्यात घराला आतून गिलावा करायचाही राहून गेला. भंगारातल्या सामानावर भागवतात बिचारे."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. पण त्या वर्षांत घर बुडालेलं तर नाही ना, हेच लोक आधी पाहत. ते दोघं समोर गेले ते माझे शब्द डोळ्यांत घेऊन. आठ दिवसांनी नकार आला.

त्या दुपारी शोभावहिनी आमच्याकडे आल्या. सोफ्यावर अगदी कडेला बसल्या. वैशाली जेवत नाही म्हणाल्या. मी पोह्यांचं विचारलं, त्यांनी मान हलवली.

"मध्यस्थ म्हणे, गिलावा राहून गेला म्हणून मन मागं आलं त्याईचं," त्या म्हणाल्या. "राहून गेला, हे मी एका तुम्हालेच सांगतलं होतं जी."

नाही म्हणायची तयारी मी आठ दिवस केली होती. ती सोडून मी सोफ्यावरचा रुमाल सरळ करत बसले.

"खरं सांगा वहिनी. माझं घर तुम्हाले आवडत नाही काय?"

"आवडतं," मी म्हटलं, आणि मला रडूच फुटलं. "इतकं आवडतं की माझ्या घरात मला बसवत नाही. गावात तसं दुसरं घर नाही."

शोभावहिनींनी आवाजही चढवला नाही. रागावल्या असत्या तर मी पाय धरले असते.

"मंग इतकंच सांगाचं होतं त्याईले," त्या म्हणाल्या आणि उठून गेल्या.

वैशालीचं पुढे दोन वर्षांनी जमलं, बरंच जमलं. पत्रिका द्यायला शोभावहिनी स्वतः आल्या, लग्नात मला हाताला धरून पंगतीत बसवलं. आमचं बोलणं कधी तुटलं नाही. आता त्यांना जाऊनही पुष्कळ दिवस झाले. त्यांचं नाव निघालं की मी घराचं सांगायला लागते, विटांना तेल कसं दिलं होतं, दिवा कुठे होता, उजेड कसा पडायचा. समोरचा कंटाळतो, जांभया देतो, मी थांबत नाही. ऐकणारं कोणी स्थळाकडचं नसतं, एवढंच.