चौदा खोडी

आमच्या बी.ए.च्या वर्गात नवीन प्राध्यापक आले की आधी आकारामकाकांनाच नमस्कार करतात. काका एक्कावन्न वर्षांचे. मुरगूडला म्हशींची खरेदी-विक्री करण्यात आयुष्य गेलं, मुलीचं लग्न झालं आणि मग राहिलेलं शिक्षण पुरं करायचं त्यांनी मनावर घेतलं. पहाटे धारा काढून, पहिली एसटी पकडून ते पुढच्या बाकावर हजर असतात. शाहूपुरीतून चालत येणारी मी मात्र रोज उशिरा.

गेल्या महिन्यात सरांनी काम दिलं. एखादं भाषण घ्या, बोलणारा लोकांना कसं पटवतो ते निबंधात उलगडा आणि निबंध एकमेकांना वाचायला देऊन अभिप्राय घ्या. मी स्नेहसंमेलनातल्या पाहुण्यांचं भाषण घेतलं. वर्गात माझ्याइतकं भारी कुणी लिहीत नाही, असं माझं ठाम मत होतं. आदर्श आणि तेजस्वी या दोघांनी ‘छान’ लिहून ते पक्कंही केलं. काकांनी मात्र अभिप्रायाचा कागद दोन्ही बाजूंनी भरला होता. निबंधातल्या चौदा खोडी!

‘पयलं पान नुसती झूल. म्हस कुठाय?’ ही पहिली. ‘पावणं रडलं ते लिवलंस. तवा लोकं घड्याळ बघत हुती, ते का न्हाय?’ ही सहावी.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कॅन्टीनमध्ये काकांना गाठलं आणि म्हटलं, “इतकं वाईट होतं तर एका शब्दात सांगायचं की!”

“वाईट?” काका चहा तसाच ठेवून बघत राहिले. “अगं अवंतिका, म्हस घ्यायची नसली की माणूस ‘लई झ्याक हाय’ म्हणतो आन् फुडं जातो. घ्यायची असली तर दात बघतो, कास बघतो, चालवून बघतो, खोडीवर खोडी काढतो. मला पसंत पडला म्हणून तर दोन येळा वाचला.”

मग त्यांनी पिशवीतून स्वतःचा निबंध काढला. बाजारात म्हैस विकणारा काय काय बोलतो, यावर लिहिलेला. खाली चार अभिप्राय होते. “हे बघ. चौघं आली, एकानं बी दात बघितलं न्हाईत. म्हाताऱ्याला कशाला दुखवा, व्हय?”

चौथा अभिप्राय माझ्याच अक्षरात होता. ‘खूप छान, काका!’ मी पहिलं पानसुद्धा पुरतं वाचलं नव्हतं. मला फार लाज वाटली.

तिथंच पेन काढलं आणि शेवटपर्यंत वाचलं. निबंध खरोखर झकास होता, म्हणून हात सैल सोडला. विकणारे तुम्हीच आहात हे लपवलंय. गिऱ्हाईक का भुलतं ते सांगितलंच नाही. शेवट घाईत उरकलाय. अशा अकरा खोडी काढल्या.

काकांनी एकेक मोठ्यानं वाचली. तिसरीवर माझ्याशी कडाकडा भांडले, सातवीवर मांडी थोपटली आणि चेहरा असा फुलला की शेजारच्या टेबलावरची पोरं वळून बघायला लागली.

“अकराच?” कागद माझ्यापुढं सरकवत ते म्हणाले. “बघ की नीट, अजून असतील!”