पाणाड्याकडची उमेदवारी

अनुभव पाहिजे म्हणे. अहो, नोकरीच नाही तर अनुभव काय डोंबलाचा आणायचा? मी भूगर्भशास्त्र घेऊन बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होतो. दुष्काळ पडलेला, विहिरींच्या पाहणीसाठी सरकार माणसं भरणार होतं, आणि घरात माझ्या त्या एका नोकरीकडं सगळ्यांचे डोळे लागले होते. पण मुलाखतीला प्रत्यक्ष काम केल्याचं दाखवायचं होतं. कचेरीत जाऊन म्हटलं, फुकट राबतो. तिथल्या साहेबानं विचारलं, कोणाच्या ओळखीनं आलास? झालं, परत फिरलो.

आमचे प्राध्यापक म्हणाले, "केडगावला एक पाणाड्या आहे. त्याच्याबरोबर फिर, निदान विहिरी तरी बघशील." मला वाटलं, सर थट्टा करताहेत. तळहातावर नारळ आडवा धरून शेतातून चालायचं आणि नारळ उभा राहिला की इथं पाणी म्हणायचं, हा त्या माणसाचा धंदा. मी जात्याच संशयी. पण दुसरं दारच उघडं नव्हतं.

पाणाड्या माझ्याहून संशयी निघाला. पहिल्याच दिवशी त्यानं माझी पिशवी जमिनीवर उपडी केली. आतून हातोडी आणि वही पडली.

"कुनी धाडलं तुला? कचेरीतनं?"

"नाही मामा, शिकायला आलोय."

"ह्यात शिकन्यासारखं काय हाय?"

तरी त्यानं हाकललं नाही. चार महिने सुट्टीच्या दिवशी मी त्याच्या मागं हिंडलो. तो पुढं, मी दहा पावलं मागं, आणि दोघांचंही लक्ष एकमेकांवर. मी वहीत विहिरींची खोली लिहायचो, मुरूम कुठं संपला, खडक कुठं लागला ते काढायचो. तो मधूनच वही ओढून घ्यायचा. वाचता येत नव्हतं, तरी पानं उलटून बघायचा.

एकदा नेवाशाकडच्या एका शेतकऱ्यानं बोलावलं. तिथं पोचल्यावर ह्यानं अर्धा दिवस नारळ बाहेरच काढला नाही. शेजाऱ्यांच्या विहिरीत डोकावला, ओढ्यात उतरून दगड पायानं उकरले, एका म्हातारीला विचारलं की उन्हाळ्यात गवत कुठं हिरवं राहतं. मी मनात म्हटलं, बघा, लबाड गावातून माहिती काढतोय. दुपारी नारळ घेऊन निघाला तो सरळ बांधाशी. नारळ उभा राहिला. अंगठ्यानं त्याला दिलेला रेटा मी स्पष्ट बघितला.

परतताना एस.टी.च्या थांब्यावर मी ते तोंडावर बोललो. वाटलं, आता शिव्या खाव्या लागणार. त्यानं आधी आजूबाजूला कोणी नाही ना ते बघितलं.

"लावतो अंगठा. पानी काय नारळात हाय व्हय? वढ्यातला काळा खडक भिंतीवानी सरळ त्या बांधापातुर गेलाय. पानी त्याच्या अलीकडं आडलंय. पन मी खडक दावला तर कोन खांदायला लागत न्हाई. नारळ उभा राह्यला की लागत्यात. तुला सांगतोय, कुनापाशी बोलू नगं."

खडकाची ती भिंत माझ्या पुस्तकात आख्ख्या प्रकरणात होती. मी तिच्यावरूनच दिवसभर चाललो होतो. लाज वाटली मला. पुढं त्या बांधाशी पाणी लागलं.

मुलाखतीत तीन साहेब होते. माझी वही चाळून एकानं हसत विचारलं, "ह्या जागा कुठल्या पाणाड्यानं दाखवल्या की काय?" दुसरे दोघंही हसायला लागले.

"छे साहेब, मी एकटाच हिंडलो," मी म्हणालो. तेवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मी उठून, टेबलावरचा पेपरवेट तळहातावर घेऊन, पाणाडे अंगठा कसा लावतात ते करून दाखवलं. तिघंही खूश झाले.

नोकरी लागली. आई म्हणाली, त्या मामांना पेढे देऊन ये. गेलो. त्यानं पेढा हातात घेतला, पण खाल्ला नाही.

"सायबांफुडं माजं नाव काढलंस का?"

"काढलं की मामा."

आता हा खोदून खोदून विचारणार, कुठला साहेब, काय म्हणाला, म्हणून मी उत्तरं तयार ठेवली होती. त्यानं काहीच विचारलं नाही. आत वळून बायकोला हाक मारली आणि म्हणाला, "ऐकलं का, पोरानं सायबांफुडं माजं नाव घेतलं."