चाळीस डाव्या बाह्या

"तुला विचारलंय का कुणी?" नवऱ्याने तिसऱ्यांदा तेच म्हटलं. "नाही ना? मग गप्प बस की."

मास्तरीण वाळलेले कपडे घेऊन बसली होती. एकच टॉवेल तिने चारदा घडी घालून चारदा उलगडला.

शाळेत ती सातवीपर्यंतच गेलेली. पण गणवेशांच्या कारखान्यात बावीस वर्षं कापड कापता कापता इतक्या जणींना तिने कात्री धरायला शिकवली, की मास्तरीण हेच नाव पडलं. मालकाचा तिच्यावर आंधळा विश्वास. घोळ झाला तो त्यामुळेच.

डाव्या-उजव्या जोड्या निघाव्यात म्हणून कापडाचे थर समोरासमोर अंथरायचे असतात, ते आज तिने सगळे एकाच तोंडाने अंथरले. चाळीस बाह्या निघाल्या, चाळीसच्या चाळीस डाव्या. मालक आला आणि काही न विचारता त्याने तिच्या हाताखाली नुकत्याच लागलेल्या मुलीकडे, सगळे जिला नवी म्हणत तिच्याकडे, बोट दाखवलं. नवी नाल्यापलीकडच्या वस्तीतली. ही माणसं अशीच, म्हणाला, उद्यापासून येऊ नकोस. नवीने फक्त मास्तरिणीकडे पाहिलं. आणि मास्तरीण हातातच असलेला खडू टेबलाखाली शोधत राहिली.

घरी येऊन तिने सगळं सांगितलं, मालकाला खरं सांगायला हवं म्हणाली.

नवऱ्याने आधी हसून पाहिलं, डावखुऱ्यांची शाळा शोधा म्हणाला. मग आवाज चढला: या वयात तिला दुसरीकडे कोण ठेवणार होतं? लेक दारात उभी राहून नखं खात होती.

सासूबाई मायेनेच म्हणाल्या, "अगं, त्या लोकांना सवय असते बोलणी खायची. तू नको जिवाला लावून घेऊस."

मास्तरिणीचे हात थांबले.

"सवय कुणी लावली, आई? माझ्या नावावर चूक आली असती, तर मी एकटी चुकले असते. तिच्या नावावर चूक आली, तर तिची अख्खी वस्ती चुकली. आणि चूक तिची नव्हतीच."

"आणि तुझं काम गेलं तर?" लेकीने विचारलं.

तिने टॉवेल पुन्हा दुमडला, तो वाकडाच झाला. तसाच तिने ढिगावर ठेवला.

"उद्या मी लवकर निघणार," ती म्हणाली. "आधी नवीच्या घरी, मग तिला घेऊन मालकाकडे. बाह्या मी कापल्या, हे सगळ्यांसमोर सांगणार. डबा सातला भरा."