आधी फेडलेला नवस

रिबेका गेली त्याला आता दीड महिना होईल. त्या दिवशी सकाळी मी दारासमोरचा बर्फ शोव्हल करत होते, तेवढ्यात पुतण्याचा फोन आला, "काकी, आई गेली." मी हो म्हटलं आणि उरलेला बर्फ काढून मगच आत आले. माझी थोरली जाऊ ती. काम अर्धवट टाकलेलं तिला खपायचं नाही...

आम्ही दोघी रेवदंड्याकडच्या, बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या ज्यू. शाळा चौथीपर्यंत. मुलांमागे म्हातारपणी इकडे परदेशात, रिचमंड हिलला आलो. चार वर्षांपूर्वी तिला छातीचा कॅन्सर निघाला. डॉक्टर इंग्रजीत बोलत होता आणि मुलगा तिला मराठीत सांगत होता, "थोडं इन्फेक्शन आहे." ती म्हणाली, "इन्फेक्शनला कोणी असं तोंड पाडतं का? नीट सांग." त्याने सांगितलं, वर म्हणाला, "कुणाला बोलू नको, पोरीचं लग्न जमायचंय." तेव्हा माझ्याही छातीत गाठ होती, सहा महिने. ते अंग डॉक्टरला कसं दाखवायचं, म्हणून मी गप्प. तिलाही सांगितलं नव्हतं.

ऑपरेशनच्या आधीच्या रविवारी तिने मलिदा केला. भिजवलेले पोहे, गूळ, खोबरं, वर पाच फळं. आमच्यात एलियाहू हन्नाबीला, आमच्या प्रेषिताला, बोललेला नवस फळला की मलिदा करतात. म्हणून सगळे हसतच आले, "नातीचं जमलं वाटतं!" प्रार्थना झाली, ताटल्या वाटल्या आणि ही उभी राहिली. "मला छातीचा कॅन्सर झालाय. गुरुवारी कापणार आहेत."

बेसमेंट भरलेलं, पण कुणी घास चावेना. एक म्हातारे पुटपुटले, "अगं, फळल्यावर फेडायचा असतो नवस. उलटं केलंस."

"मुद्दाम केलं. मी माझं काम आटपलं, आता त्याने त्याचं बघावं. आणि खा तुम्ही, पोह्यांतून नाही लागत कॅन्सर."

मुलगा खाली बघत राहिला. नात मात्र उठून तिला चिकटून बसली. "गुड फॉर यू, आजी."

मागून भांडी घासताना मी म्हटलं, "जाऊबाय, मलापण आहे." तिने नळ बंद केला. "कधीपासून?" सांगितलं, तर अशी भडकली... "मरायची लाज नाही, आणि दाखवायची वाटते?" दुसऱ्या दिवशी मला क्लिनिकात नेऊन बसवलं. तिचं स्वतःचं ऑपरेशन तीन दिवसांवर होतं.

माझी डावी बाजू काढली, मी वाचले. तिचा पुढे हाडांत उतरला. मी एकदा विचारलं, "एलियाहूने तुझं ऐकलं नाही का गं?" म्हणाली, "ऐकलं की! पत्ता चुकला, तुझ्या घरी गेला. खपले मी, फळला तुला. फुकटी मेली!" आणि खोकला येईपर्यंत हसली.

ब्लाउजात घालायला आम्हा दोघींना पॅड दिले होते. मी माझा घालत राहिले, तिने तिचे परत केले. म्हणाली, "सपाट तर सपाट, मी कुणाची फसवणूक करायची नाही." आपले ब्लाउज आपणच शिवायची. तिचं शिलाई मशीन आता माझ्या खिडकीशी आहे. काल नवा ब्लाउज बेतला. उजवीकडे टक्स घातले, डावी बाजू सरळ शिवली.