शंभर कोंबड्यांची बाटली

पुंजाजी आणि जमादार यांची पहिली भेट चालत्या मोटरसायकलवर झाली, आणि तीही पाठीमागून. आवडाबाईच्या माहेरी, जऊळक्याला, नवराबायको बारशाला गेले होते. निघताना बहिणीला रिकाम्या हातानं कसं पाठवायचं म्हणून भावानं नायलॉनच्या पिशवीत एक कोंबडा घालून दिला. पिशवी दोघांच्या मधे, कोंबड्याची मान पिशवीबाहेर, आणि त्या मानेसमोर पुंजाजीची मान. घर येईपर्यंत कोंबड्यानं तिच्यावर एकशे सात टोचे मारले. हा आकडा पुंजाजीचा. पहिल्या वर्षी तो चाळीस सांगत असे. कोंबडाही तेव्हा कोंबड्याएवढाच होता. पुढे तो मोराएवढा झाला, आणि अलीकडे पारावर ही हकीकत सांगताना पुंजाजी जमिनीपासून जितका उंच हात धरतो, तिथे साधारण गोऱ्ह्याचं वशिंड येतं. वाटेत त्यानं दोनदा "गाडी थांबव" म्हणून ओरड केली. गाडी आपणच चालवतो आहोत हे त्याच्या ध्यानात आलं तेव्हा अंगण आलं होतं.

अंगणात पिशवी उघडल्यावर कोंबडा पळाला नाही. त्यानं पंख झाडले, खुराडं पाहिलं, गुरांच्या नांदीतलं पाणी चाखलं, कुत्र्याला एकदा दटावलं आणि शेवटी पुंजाजीसमोर उभा राहून त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. आवडाबाईनं त्याच दिवशी त्याचं नाव जमादार ठेवलं.

पुंजाजी भाजीवाला माणूस. दीड एकरात मेथी, पालक, वांगी आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, पिकवायची आणि मालेगावच्या बाजारात नेऊन विकायची, हा त्याचा धंदा. कोंबड्यांचाही मेथीवर तितकाच जीव. त्यामुळे दोन वर्षं या घरात एकच भांडण चालू होतं. तो वाफ्यातून कोंबड्या हाकलायचा आणि जमादार वाफ्यातून त्याला हाकलायचा. यात बहुतेकदा जमादार जिंकत असे.

मग चैत्रात सुप्रियाचं, त्यांच्या मुलीचं, दुसरं बाळंतपण निघालं आणि आवडाबाई सव्वा महिन्यासाठी वाशीमला गेली. जाताना तिनं नवऱ्याला घरातलं काही सांगितलं नाही. त्याच्या जेवणाचं शेजारच्या रुपाबाईकडे लावून दिलं होतं. सकाळ-संध्याकाळ दोन दोन भाकरी आणि जी असेल ती भाजी. सांगितलं ते सगळं कोंबड्यांचं. पहाटे खुराडं उघडायचं, ज्वारीची चुरी टाकायची, पाणी सावलीत ठेवायचं, राखेचा ढीग हलवायचा नाही कारण त्यात त्या लोळतात. कवडी नावाची कोंबडी तेरा अंड्यांवर खुडूक बसली होती, तिला दिवसातून एकदा उठवून दाणे घालायचे. आणि सांजेला मोजून आत घ्यायच्या. जमादार धरून चौदा.

"मी येईन तवा चौदा पाह्यजे," असं ती ऑटोत बसून म्हणाली. नातवंड होणार होतं, त्याबद्दल काही बोलली नाही.

पुंजाजीनं आयुष्यात मेथीच्या जुड्या हजारांनी मोजल्या, पण जुड्या मोजताना जागेवर राहतात. पहिल्या सांजेला कोंबड्या तेरा भरल्या, मग सोळा, मग परत तेरा. शेवटी त्यानं एकेकीला आत जाताना नावानं हाक मारायला सुरुवात केली आणि तिथेच तो फसला. नाव घेतलं की माणूस अडकतो. आठवड्याभरात कोणती कोंबडी भित्री, कोणती चोरटी, कोणती दुसरीच्या जागेवर अंडं घालते, हे त्याला पाठ झालं. वाफ्यातली कोवळी मेथी तो आता स्वतः उपटून आणायचा. जमादारनं टोचणं सोडलं नव्हतं, पण टोचल्यावर तो जवळच उभा राहायचा.

आवडाबाईचा रोज सांजेला फोन यायचा. पुंजाजीकडे साधा बटनांचा फोन, त्यात तोंड दिसायची सोय नाही. पहिला प्रश्न ठरलेला.

"जमादार जेवला काय?"

"जेवला. माहं नाई इचारत?"

"तुमचं काय. तुमाले हात हायेत."

उन्हं तापली तशी पलीकडच्या गावात मानमोडी आल्याची बातमी आली. या रोगात कोंबडीची मान पिळवटते, हिरवं हगते, आणि दोन-चार दिवसांत खुराडं रिकामं होतं. पुंजाजीनं त्याच दिवशी मालेगाव गाठलं. जनावरांच्या दवाखान्यातला फुलचंद ओळखीचा होता. त्यानं लशीची बोटाएवढी बाटली दिली आणि दोनदा बजावलं.

"एकेकीच्या डोळ्यात एक थेंब. बाटली फोडली का दोन घंट्यात संपली पाह्यजे. आन बिमार कोंबडी जवळ येऊ द्याची नाई."

चौदा कोंबड्यांची लहान बाटली मिळेल का, असं पुंजाजीनं विचारलं. फुलचंद म्हणाला, लस शंभराचीच येते.

रसवंतीवाल्याकडून थर्मासभर बर्फ घेऊन पुंजाजी परत निघाला, पण तो शंभराचा आकडा त्याच्या डोक्यातून जाईना. संध्याकाळी बाजार उठताना उरलेली भाजी तो कोणाच्याही पिशवीत कोंबत असे. ओळख लागत नसे. चौदा थेंब वापरायचे आणि शहाऐंशी मातीत ओतायचे, हे त्याच्या हातून होणारं काम नव्हतं. त्यानं सांजेला घरोघर फिरून निरोप दिला, उद्या उजाडायच्या आत आपापल्या कोंबड्या घेऊन अंगणात या, थेंब फुकट आहेत.

पहाटे जत्राच भरली. कोणी डालग्यात आणल्या, कोणी खताच्या पोत्यात. लखमानं एक हेल्मेटमध्ये आणली. गावात हेल्मेटचा तो पहिलाच उपयोग. तांड्यावरून सेवालाल नऊ कोंबड्या सायकलच्या हँडलला उलट्या टांगून आला आणि वाटेत त्यांतली एक त्यानं तीनदा धरली होती. पुंजाजीनं सगळ्यांसाठी चहा ठेवला. खांद्यावर दुपट्टा, हातात ड्रॉपर, अशा थाटात तो ओट्यावर बसला आणि लोक त्याला डॉक्टरसाहेब म्हणू लागले. तसं म्हणू नका म्हणत त्यानं दोन कोंबड्यांना जीभही दाखवायला लावली. जमादार परक्या तीन कोंबड्यांशी एकाच वेळी लढत होता.

ऐंशीच्या पुढे थेंब गेले तेव्हा रुपाबाई आली. पदराखाली कोंबडी होती. डोळे मिटलेली, मान खाली टाकलेली, आणि पदरावर हिरवा डाग.

"कालपासून दाना नाई टिपत, भाऊ. तुमच्या थेंबानं उठन ते."

फुलचंदचं बोलणं पुंजाजीच्या ध्यानात होतं. पण जिच्या हातच्या भाकरीवर आपण अठरा दिवस जगलो, तिला अंगणातून परत कसं पाठवायचं, हे फुलचंदनं सांगितलं नव्हतं. त्यानं तिच्याकडे पाहिलं, तिच्या हाताकडे पाहिलं. पहाटेच्या भाकरीचं पीठ अजून बोटांना होतं.

"आना इकडं," तो म्हणाला. तिचा नंबर येईपर्यंत कोंबडी त्यानं इतरांच्या पाण्याशेजारी ठेवली.

रुपाबाईची कोंबडी दुपारी मेली. पाचव्या दिवशी पुंजाजीची भित्री कोंबडी खुराड्याबाहेर आली नाही. सातव्या दिवशी नऊ उरल्या, नवव्या दिवशी चार. त्यानं लसूण चारला, हळदीचं पाणी पाजलं, खुराड्याला चुना मारला, मालेगावला दोनदा जाऊन आला. फुलचंद म्हणाला, लस रोग यायच्या आधी असते. काहींच्या अंगात तो आधीच असेल, आता काही इलाज नाही. कवडी अंड्यांवर बसल्या बसल्या गेली. पुंजाजीनं अंड्यांवर बल्ब लावला, लाइन गेली की टोपल्याला गोधडी गुंडाळली. तेरातलं एकही फुटलं नाही. खड्डे त्यानं मेथीच्या वाफ्याच्या कडेला काढले. दोन वर्षं तिथूनच तो त्यांना हाकलत होता.

गावातही घरोघर तेच झालं. कोणी भांडायला आलं असतं तर बरं झालं असतं. सेवालाल आला, ओट्यावर बसला, म्हणाला, "तुमी तं भल्यासाठीच केलं," आणि चहा न घेता गेला. रुपाबाईनं भाकरी बंद केली नाही. फक्त ती आता न बोलता ताट ठेवून जायची.

फोनवर पुंजाजी चौदाच सांगत राहिला. एका सांजेला आवडाबाई म्हणाली, जमादारची लय आठवण येते, जरा फोन धरा त्याच्यापाशी. जमादार तेव्हा पोत्यावर पडला होता, मान आभाळाकडे वळलेली. पुंजाजी फोन घेऊन गोठ्यामागे गेला, इकडेतिकडे पाहिलं आणि बावन्नाव्या वर्षी छाती फुगवून आरवला.

"त्याले लसन चारा," आवडाबाई म्हणाली. "घसा बसला त्याचा."

त्यानंतर रोज तिनं फोन धरायला लावला आणि रोज तो आरवला.

ती आली तेव्हा पुंजाजी अंगणात उकिडवा बसला होता. एकटा जमादार वाचला होता, पण मान तशीच वाकडी राहिली. दाणा दिसला की तो चोच मारायचा आणि ती वीतभर बाजूला पडायची. म्हणून पुंजाजी त्याच्या चोचीत एकेक दाणा ठेवत होता. आवडाबाईनं पिशवी खाली ठेवली. खुराड्याकडे तिनं पाहिलंच नाही. खुराड्यातली पहिली कोंबडी गेल्यावर चौथ्याच दिवशी रुपाबाईनं तिला फोनवर रडून सगळं सांगितलं होतं.

"तिची कोंबडी आंगनात कायले घेतली तुमी?"

पुंजाजीनं आणखी एक दाणा जमादारच्या चोचीत ठेवला. मग म्हणाला, "भाकरी देऊन राह्यली होती ते मले."

आवडाबाईनं पदर कमरेला खोचला.

"मंग काय करान," ती म्हणाली, आणि अंगण झाडायला खराटा आणायला गेली.

जमादार त्यानंतर सव्वीस दिवस जगला. खुराड्यात आता फवारणीचा पंप ठेवतात.